ओलाव्याची नोंद नसेल, तर तिथे शून्य लिहू नका

प्रश्न : ताई, आमच्या कापसाच्या जिनिंगच्या वजनकाट्यावरून रोज एक एक्सएमएल फाइल निघते. दर गाडीची एक नोंद, तिच्यात नाव-किंमत अशा जोड्या : शेतकरी, गाडी नंबर, वजन, ओलावा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत मी सगळे शेतकरी एका यादीत, सगळे ओलावे दुसऱ्या यादीत काढले आणि 'झिप'ने जोडले. आता एकाचा ओलावा दुसऱ्याच्या नावावर दिसतो. काय चुकतंय?
– एक वाचक, आर्वी तालुका, जि. वर्धा

उत्तर : भाऊ, ज्या गाडीचा ओलावा मोजायचा राहिला, तिच्या नोंदीत ती जोडीच नसणार. मग ओलाव्याची यादी तेवढी आखूड होते, आणि त्या गाडीपासून खालचे सगळे आकडे एकेक घर वर सरकतात. 'झिप' त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. आखूड यादी संपली की गुपचूप थांबते.

म्हणून उभ्या रकान्यांनी वाचूच नका. एका वेळी एक गाडी घ्या. पायथनसोबतच येणारं, एक्सएमएल वाचणारं एलिमेंटट्री पुरेसं आहे, वेगळं काही उतरवायला नको. गावात नेट गेलं तरी काम अडत नाही. 'आयटर'ने एकेक नोंद घ्या, तिच्यातल्या जोड्यांची एक डिक्शनरी करा आणि 'गेट'ने ओलावा मागा. नसेल तर 'नन', म्हणजे 'काही नाही', असं उत्तर मिळेल. ते तसंच राहू द्या.

तिथे शून्य घालायचा मोह होईल, पण घालू नका. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्क्यांवर ओलावा गेला की भाव कापतात, १२ च्या वर कापूस घेतच नाहीत. तुम्ही शून्य लिहिलं तर न मोजलेला कापूस कोरडा ठरतो. पहिल्या वेच्याचा माल तर बहुधा ओलाच असतो. हा आकडा म्हणजे कोणाच्या तरी वर्षाच्या मेहनतीचा पैसा आहे, एवढी काळजी घ्याच.

आकडे देवनागरीत आले तरी घाबरू नका, पायथनचं 'फ्लोट' ९.५ बरोबर वाचतं. व्यापाऱ्याच्या नावात मोकळं & असेल तर मात्र वाचन तिथेच थांबेल; ज्यांनी काट्याचं सॉफ्टवेअर दिलं त्यांच्याकडून ते दुरुस्त करून घ्या. हंगामाची एकत्र फाइल जड झाली तर फाइल तुकड्यातुकड्याने वाचणारं 'आयटरपार्स' वापरा आणि नोंद वाचून झाली की ती 'क्लिअर' करा.

हिशेबाआधी ओलावा नसलेल्या गाड्यांची यादी छापा आणि काटेवाल्यासमोर ठेवा. कोणत्या गाडीचं काय झालं, ते त्यालाच माहीत असतं.