विचारा की! : साठ मैल, तीन दिवस आणि पैसे मागायची लाज

मागच्या अंकात मी सॅन डिएगोच्या 3-डे वॉकबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सुझन जी. कोमेन ही ब्रेस्ट कॅन्सरसाठी काम करणारी अमेरिकन संस्था, त्यांचा हा वॉक, तीन दिवसांत 60 मैल म्हणजे साधारण 96 किलोमीटर, रात्री गुलाबी तंबूत झोपायचं आणि चालायच्या आधी प्रत्येकाने ठरलेली देणगी गोळा करायची. मी एकदा चाललेय, त्यामुळे बोलायचा थोडा हक्क आहे.

ताई, माझी आत्या ब्रेस्ट कॅन्सरने गेली, तिच्यासाठी मला चालायचंय. पण 2,300 डॉलर गोळा करायचे म्हणजे लोकांपुढे हात पसरायचा, मला ते जमणारच नाही. नवरा म्हणतो आपणच चेक लिहून टाकू, विषय संपव. तसं चालतं का? — एक वाचक, सॅन होजे

चालतं की, कोणी अडवत नाही. मी चालले तेव्हाही किमान आकडा 2,300 च होता आणि नोंदणीची फी वेगळी, तुम्ही भरताना त्या वर्षीचा नियम वाचून घ्या. पण खरं सांगू का, चेक लिहायची घाई करू नका. मीही पहिले दोन महिने हेच करत होते, ईमेल लिहायचा, खोडायचा, परत लिहायचा, कारण आपल्या घरात वर्गणी मागायची ती गणपतीची नाहीतर देवळाची, स्वतःच्या नावाने पैसे मागायची सवयच नाही. त्यात तो शब्द. मराठीत 'स्तनांचा कॅन्सर' असं चारचौघांत म्हणायला जीभ रेटत नाही, म्हणून मग 'छातीचा', 'तिला गाठ झाली होती', 'तो आजार'. मी पण मंडळाच्या हळदीकुंकवाला सगळ्यांसमोर 'ब्रेस्ट कॅन्सर' म्हटलं ते इंग्रजीच्या आड लपूनच.

तिथे एक काकू होत्या, सत्तरीच्या पुढच्या, कधी फार बोलायच्या नाहीत. निघताना त्यांनी माझ्या हातात आहेराचं पाकीट कोंबलं, वर कुंकवाचं बोट आणि आत 101 डॉलर, म्हणजे शंभराची नोट आणि वर एकाची, अगदी लग्नातल्यासारखं. सोबत वहीच्या कागदाचा तुकडा: 'थोरल्या वन्संसाठी', खाली नाव आणि साल 1974. दुसऱ्या दिवशी फोन केला तर म्हणाल्या, घरात सगळ्यांना पोटाचा विकार असं सांगितलं होतं, मला माहीत होतं कारण जखम मीच धूत होते. एवढं बोलून त्यांनी मेथीचे लाडू कसे झाले होते ते विचारलं. पन्नास वर्षांत हे त्या पहिल्यांदा कोणाला तरी सांगत होत्या, आणि निमित्त काय तर माझी वर्गणी. नवऱ्याच्या चेकमध्ये हे कुठून आलं असतं?

आता कामाचं. सगळ्यांना एकच फॉरवर्ड पाठवू नका, कोणी देत नाही. एकेकाला फोन करा, आत्याचं नाव घ्या, तिच्याबद्दल दोन वाक्यं बोला आणि आकडा सांगा, 'जमेल तेवढं' म्हटलं की जमत नाही. नोकरीवर मॅचिंग आहे का ते एचआरला विचारा, बऱ्याच कंपन्या तुमच्या देणगीइतकीच रक्कम स्वतः घालतात आणि आपली माणसं ते फॉर्म भरायला आळस करतात. आणि हो, नवऱ्याला सांगा पहिला चेक त्यांचा, पण एकाच माणसाचा नको.

वय 52, रोज ट्रेडमिलवर अर्धा तास चालते. आई तीनदा वारीला गेली होती, त्यामुळे रक्तात आहे असं धरून चाललेय. पुरेल का? — इर्वाइनहून एक वाचक

नाही पुरणार. आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, पण ते अडीच-तीन आठवड्यांत, मुक्काम धरून. इथे रोज 20 मैल, म्हणजे 32 किलोमीटर, तीन दिवस सलग, काँक्रीटच्या फुटपाथवर. पुणे-सासवडचा दिवेघाटाचा लांब टप्पा आईला विचारा, तसला दिवस एकापाठोपाठ तीनदा. वॉकवाल्यांचा तयारीचा प्लॅन 24 आठवड्यांचा असतो आणि तो उगीच नाही. खरी मेख एका दिवसाच्या लांब चालण्यात नाही, शनिवारी 15 मैल झाल्यावर रविवारी दुखऱ्या पायांनी परत उठून चालण्यात आहे, तेवढं केलंत तर बाकी निभतं. ट्रेडमिल सोडा, रस्त्यावर या, चढ-उतार घ्या, सॅन डिएगोत टोरी पाइन्सचा चढ आहे तो काही दयामाया दाखवत नाही.

पायांचं सांगते कारण माझी फजिती तिथेच झाली. कॉटनचे मोजे घातले, मऊ असतात म्हणून, आणि दुपारपर्यंत ते घामाने ओले होऊन डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड. कॉटन नकोच, लोकरीचे किंवा सिंथेटिक घ्या, दुपारी जोडी बदला, बोटांच्या मध्ये व्हॅसलीन लावा, बूट अर्धा नंबर मोठा घ्या कारण पाय सुजतात, आणि नवे बूट त्या दिवशी घालायचे नाहीत, किमान दोन महिने वापरलेले हवेत. फोड आलाच तर वरची कातडी सोलू नका, दर दोन-तीन मैलांवर थांबा असतो तिथे दाखवा. नुसतं पाणी पीत सुटू नका, अंगातलं मीठ कमी झालं की गरगरतं, उलट्या होतात. मी खारे शेंगदाणे आणि कैरीच्या लोणच्याची फोड डबीत नेली होती, सगळ्या गोऱ्या बायका वास घेऊन बघत होत्या, तिसऱ्या दिवशी दोघींनी मागून खाल्ली. फारच झालं तर मागून व्हॅन येते, तीत बसायला लाजू नका.

ऑपरेशन आणि रेडिएशन होऊन दीड वर्ष झालं, काखेतल्या गाठीही काढल्यात. मी चालू शकते? — नाव नको

आधी तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टला विचारा, मी डॉक्टर नाही. विचारताना हाताबद्दल नक्की विचारा, काखेतल्या गाठी काढल्या की त्या हाताला सूज यायचा धोका राहतो, त्यात ऊन आणि पाठीवरच्या सॅकचा पट्टा. कमरेचा पाऊच वापरा, कॉम्प्रेशन स्लीव्हचा, म्हणजे सूज आवरणाऱ्या घट्ट बाहीचा, विषय काढा, अंगठ्या-पाटल्या घरी ठेवा. पूर्ण 60 मैल कोणी मोजत नाही हो, जेवढं जमेल तेवढं.

चालून कधी कॅन्सर बरा झालाय का? तंबू, शॉवर, जेवण यावर खर्च करण्यापेक्षा पैसे सरळ दवाखान्याला द्या की. — एक सडेतोड वाचक, नाशिक

काका, तुमचा मुद्दा खोटा नाही. या वॉकचा खर्च मोठा असतोच, आणि 2002 पर्यंत एव्हॉन या कॉस्मेटिक्स कंपनीच्या नावाने होणाऱ्या अशाच तीन दिवसांच्या वॉकवर नेमकी हीच टीका झाली होती. अमेरिकेत संस्थेला फॉर्म 990, म्हणजे वर्षाचा जमाखर्च, भरावा लागतो आणि तो कोणालाही बघता येतो, देणाऱ्याने बघावा, मीही बघितला. सरळ द्यायचे असतील तर जरूर द्या. स्वस्तातलं काय काम करतं म्हणाल तर मुंबईचंच उदाहरण: टाटा मेमोरियलने दीड लाखावर बायकांचा 20 वर्षं अभ्यास केला, निम्म्यांची दर दोन वर्षांनी प्रशिक्षित आरोग्यसेविका हाताने तपासणी करायच्या, मशीन नाही काही नाही. 2021 मध्ये निष्कर्ष छापून आला, पन्नाशीच्या पुढच्या बायकांत ब्रेस्ट कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी. पण तपासायला पदर बाजूला करावा लागतो, आणि त्यासाठी आधी घरात तो शब्द निघावा लागतो. घरी काकूंना विचारा बरं शेवटचं कधी दाखवलं.

सासूबाई नोव्हेंबरात भारतातून येतायत, मी चालणार. त्यांना तीन दिवस घरी एकटं ठेवू का? — एक सून, सॅन डिएगो

अजिबात नको, त्यांना रस्त्यावर उभं करा! चिअरिंग स्टेशन असतात, लोक खुर्च्या, घंटा, पाट्या घेऊन बसतात, सासूबाईंना वातावरण ओळखीचं वाटेल, दिंडीला पाणी पाजतात तसंच. टोपी आणि शाल द्या, किनाऱ्यावर वारा असतो. फक्त एक आधी सांगून ठेवा. समारोपाला आजारातून उठलेल्या बायका शेवटी येतात आणि चालणारे सगळे पायातला एक बूट काढून त्यांच्या दिशेने वर धरतात, सलामी म्हणून. माझ्या शेजारी एका मैत्रिणीची आई उभी होती, हजारो माणसं बायकांवर जोडे उगारतायत बघून त्या माउलीने माझा दंड असा काही आवळला की वळ चार दिवस होता.