खास काचा लावूनही नंबर वाढला, मग उपयोग काय?

साडेआठ वर्षांच्या मुलीची आई सहामाही तपासणीनंतर समुपदेशनाला आली. नंबर मायनस सव्वादोनवरून अडीचवर गेला होता. "डॉक्टर म्हणाले म्हणून नंबर थांबवणाऱ्या काचा घेतल्या. तरी वाढलाच ना? साधा चष्मा काय वाईट होता?"

या काचा नंबर थांबवत नाहीत, वाढीचा वेग कमी करतात. विकत घेतानाच हे स्पष्ट सांगायला हवं. बहुतेक ठिकाणी ते राहून जातं. मधोमध सुमारे ९ मिलिमीटरचा स्वच्छ भाग आणि भोवती शेकडो बारीक भिंगं, अशी एका प्रकारच्या काचेची रचना असते. मधून मूल नीट पाहतं. कडेची भिंगं काही प्रकाश डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या पुढे एकत्र आणतात आणि त्यामुळे डोळ्याचं लांबट होणं मंदावतं, अशी त्यामागची कल्पना. हाँगकाँगमध्ये ८ ते १३ वर्षांच्या मुलांवर झालेल्या चाचणीत साध्या काचेवर दोन वर्षांत नंबर सरासरी ०.८५ने वाढला, या काचेवर ०.४१ने. म्हणजे वाढ दोन्हीकडे झाली.

शिवाय पाव नंबराचा फरक कधी कधी निव्वळ मोजणीतलाही असतो. म्हणून थेंब घालून तपासतात आणि डोळ्याची लांबी मोजतात. एक मिलिमीटर लांबी वाढली की ढोबळमानाने अडीच ते तीन नंबर वाढतो. या मुलीची लांबी सहा महिन्यांत ०.१७ मिलिमीटरने वाढली होती. या वयात चष्मा नसलेल्या मुलांचा डोळा वर्षभरात साधारण ०.१ने वाढतो. तेव्हा आईची शंका अगदीच निराधार नव्हती.

"चष्मा वापरते का?" असं विचारलं की उत्तर "हो" असंच येतं. म्हणून विचारलं, "सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत चष्मा केव्हा केव्हा उतरतो?" मग कळलं, शाळेतून आली की चष्मा डबीत. "डोळ्यांना जरा आराम. अभ्यास तिला चष्म्याशिवायही छान दिसतो." दिसणारच, मायनस अडीचला ४० सेंटिमीटरपर्यंतचं बिनचष्म्याचं स्पष्ट दिसतं, म्हणून मूल कुरकुर करत नाही. पण त्या वेळात काचेचं कामही बंद. चीनमधल्या अशाच दुसऱ्या एका काचेच्या चाचणीत रोज किमान १२ तास चष्मा लावणाऱ्या मुलांना जास्त फायदा झाला. ही मुलगी जेमतेम सहा-सात तास लावत होती. आरामासाठी चष्मा काढल्याने किंवा मुद्दाम कमी नंबर दिल्याने वाढ रोखली जात नाही. हा समज घराघरांत इतका पक्का आहे, की तो प्रत्येक भेटीत पुन्हा खोडावा लागतो.

दुसरी गडबड फ्रेमची. ती नाकावरून चांगली पाच मिलिमीटर घसरली होती. अशी फ्रेम खाली आली की मूल कडेच्या भिंगांतून किंवा सरळ काचेवरून बघतं. पडताळणी सोपी: चष्मा लावून मुलाला समोर बघायला सांगायचं, बाहुलीच्या समोर काचेवर पेनने ठिपका काढायचा आणि तो काचेतल्या स्वच्छ भागाच्या मध्याशी जुळतो का बघायचं. दांड्या कानामागे वाकवून, नाकाचे पॅड आवळून आणि कानामागे सिलिकॉनचे हुक लावून तिची फ्रेम जागेवर आणली. फ्रेम मुळातच रुंद असेल तर हे उपाय टिकत नाहीत, ती बदलावी. नवीन फ्रेम आधी चेहऱ्यावर नीट बसवायची आणि मगच दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांची जागा वेगवेगळी मोजायची.

आईला तीन गोष्टी लिहून दिल्या. चष्मा फक्त आंघोळीला आणि झोपताना काढायचा. रोज दोन तास उघड्यावर खेळ. काचेवर मधोमध ओरखडा दिसला तर सहा महिन्यांची वाट न बघता यायचं.

पुढच्या सहा महिन्यांत लांबी ०.०९ने वाढली, नंबर अडीचच राहिला. वय वाढतं तसा वेग आपोआपही थोडा उतरतो, त्यामुळे सगळं श्रेय काचेला देता येणार नाही. पूर्ण वेळ चष्मा लावूनही लांबी झपाट्याने वाढत असेल, तर डॉक्टर कमी मात्रेचे अॅट्रोपिन थेंब जोडायचा विचार करतात. चष्मा मात्र बंद करायचा नाही.