सास्काटूनच्या अंगणात सफरचंद: रानटी झाडाशी संकर करून पाहावा का?

ताई, तुमचा मुलगा कॅनडात सास्काटूनला आहे, त्याचं सफरचंदाचं कलम दुसऱ्याच हिवाळ्यात गेलं, आणि आता सायबेरियन क्रॅब या रानटी सफरचंदाशी घरीच संकर करावा असं त्याच्या मनात आहे. दादरला घेतलेल्या किन्नोरी सफरचंदाच्या बिया पाठवू का, हेही तुम्ही विचारलंय.

बिया नका पाठवू. सफरचंदाला स्वतःचे पराग सहसा चालत नाहीत, त्यामुळे बी म्हणजे कुठल्या तरी दुसऱ्या झाडाशी झालेला संकरच. आईसारखं झाड त्यातून येत नाही. शिवाय सास्काटूनला पारा उणे ४० च्या आसपासही जातो.

संकर करायला सोपा आहे. कळी फुगून उमलायच्या बेतात आली की नखाने पाकळ्या आणि पुंकेसर खुडायचे, मधले स्त्रीकेसर ठेवायचे. दुसऱ्या झाडाचे परागकोश कागदावर रात्रभर सुकवले की पिवळी भुकटी सुटते, ती बोटाने लावायची. झुपक्यात दोनच कळ्या ठेवा आणि देठाला रंगीत दोरा बांधा, नाहीतर फळं धरल्यावर आपलं कुठलं ते कळत नाही. बिया ओल्या वाळूत फ्रिजमध्ये दोन-तीन महिने ठेवल्या की रुजतात. मुंबईतही रुजतात, मी करून पाहिलंय. पुढे त्या रोपांना इथे हिवाळा कुठून आणायचा, हा प्रश्न वेगळा.

खरं काम त्यानंतर सुरू होतं. क्रॅबचं फळ करवंदाएवढं आणि तुरट. ओटावाचं केंद्रीय प्रायोगिक शेत १८८६ मध्ये सुरू झालं. त्याचे पहिले संचालक विल्यम साँडर्स यांनी हाच संकर केला. पहिल्या पिढीची झाडं प्रेअरीच्या, म्हणजे कॅनडाच्या सपाट गवताळ प्रदेशाच्या, थंडीत टिकली, पण फळ बारीकच राहिलं. त्यांचा पुन्हा मोठ्या सफरचंदाशी संकर केला, तर फळ वाढलं आणि काटकपणा घटला. ही ओढाताण आजही चुकलेली नाही.

आणि काटकपणा म्हणजे नुसता उणे किती अंश हा आकडा नव्हे. झाडाने थंडीआधी वेळेवर वाढ थांबवायला हवी आणि वसंतात घाईने जागं होता कामा नये. रानटी जाती इथेच दगा देतात. मांचुरियाचं रानटी जर्दाळू भर हिवाळ्यात बिनधास्त तग धरतं, पण चार उबदार दिवस मिळाले की फुलतं आणि मागून आलेल्या दंवात सगळा बहर जातो. त्याच्या मूळ प्रदेशात हिवाळा मध्येच सैल पडत नाही, म्हणून तिथे हा दोष उघडा पडत नाही.

वेळेचा हिशेबही बघा. मिनेसोटा विद्यापीठाने रानटी रिपारिया द्राक्षापासून फ्रॉन्टेनॅक ही वाइनची जात काढली. संकर १९७८ चा, जात आली १९९६ ला. आणि वेल तरी लवकर फळते. सफरचंदाच्या बियाण्याचं झाड पहिलं फळ द्यायलाच पाच-आठ वर्षं घेतं.

त्याला क्रॅबवर कलम बांधायचं असेल तर खुशाल बांधू दे. आपल्याकडे नाशिकला द्राक्षाखाली डॉगरिजचा खुंट (ज्यावर कलम बांधतात तो मुळाकडचा भाग) असतो, तोही अमेरिकेतल्या रानवेलीचाच. खारी जमीन आणि पाण्याचा ताण सोसतो म्हणून. पण खुंट काटक म्हणून वरची फांदी काटक होत नाही, वरची जातही तशीच हवी.

मी त्याच्या जागी असतो तर आधी कार्माइन ज्युएल लावली असती. सास्कॅचेवान विद्यापीठाची ही आंबट चेरी, १९९९ ची. रानटी झुडपी चेरीचं रक्त असल्याने झाड जेमतेम दोन मीटर होतं आणि बुंध्याकडचा भाग बर्फाखाली सुरक्षित राहतो. रोप स्वतःच्या मुळावरचं मागायला सांगा, कलमी नको. वरचं लाकूड गेलं तरी खालून येणारे फुटवे त्याच जातीचे असतात. ती एकटी फळते, जोडीला दुसरं झाड लागत नाही. संकराची हौस बाजूला चालू ठेवायला हरकत नाही.