चालताना बाबांची पोटरी आवळते: सायटिका की रक्तवाहिनी?

निपाणीच्या बाजारात थोडं चाललं की बाबांची पोटरी आवळते आणि नुसतं उभं राहिलं तरी मोकळी होते, असं लिहिलंय तुम्ही. मला हे सायटिकाचं, म्हणजे मणक्यात नस दबल्याचं नाही, पायाच्या रक्तवाहिनीचंच वाटतं. मणक्याच्या दुखण्यात बहुधा बसावं किंवा वाकावं लागतं. बेळगावला नेऊन घोट्याचा आणि दंडाचा बीपी मोजून घ्या. घोट्याचा आकडा भागिले दंडाचा, ०.९ किंवा कमी आला तर पायाच्या रक्तवाहिनीत अडथळा. शुगर असेल तर हा आकडा फसवतो, मग डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी कराच. विडी-तंबाखू आजच बंद. कोलेस्टेरॉलची आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टर देतील, रोज दुखेपर्यंत चालायचं. फुग्याने रक्तवाहिनी उघडणं, बायपास हे नंतरचं. पण पायाच्या अंगठ्याला न भरणारी जखम असेल तर त्याच दिवशी न्या. आमच्या काकांनी महिनाभर हळद लावली, अंगठा गेला.