अमेरिकेतील संगीत रेडिओ इंटरनेटमुळे मागे पडला की कंपन्यांमुळे?

अमेरिकेतील संगीत रेडिओ इंटरनेटमुळे खालावला की मोठ्या कंपन्यांमुळे, आणि या संदर्भात श्रोत्यांच्या फसवणुकीची भाषा का केली जाते, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ही घसरण इंटरनेटवरील संगीत रुळण्याच्या बरीच आधी सुरू झाली होती, आणि ‘फसवणूक’ हा शब्द येथे मुळीच जास्तीचा नाही.

फेब्रुवारी १९९६ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी नव्या दूरसंचार कायद्यावर सही केली. त्याआधी एका कंपनीला देशभरात २० एएम आणि २० एफएम स्टेशनांपेक्षा अधिक बाळगता येत नसत. नव्या कायद्याने ही देशव्यापी मर्यादा काढून टाकली आणि सर्वांत मोठ्या शहरांत एकाच मालकाला आठ स्टेशनांपर्यंत मुभा दिली. टेक्सासमधील क्लिअर चॅनल या कंपनीकडे पूर्वी चाळीसच्या आसपास स्टेशने होती. काही वर्षांतच हा आकडा बाराशेच्या घरात गेला. आयपॉड ऑक्टोबर २००१ मध्ये आला आणि स्पॉटिफाय अमेरिकेत २०११ मध्ये सुरू झाले, हे लक्षात घेतले तर इंटरनेटला मुख्य दोषी ठरवता येत नाही.

इतकी स्टेशने फायद्यात चालवायची तर माणसे कमी करावी लागतात, आणि त्यासाठी ‘व्हॉइस ट्रॅकिंग’ ही पद्धत सर्रास वापरली गेली. दूरच्या शहरात बसलेला निवेदक गाण्यांच्या मधली वाक्ये आधीच ध्वनिमुद्रित करतो, हाती दिलेल्या टिपणांवरून कधीही न पाहिलेल्या गावातील रस्त्यांची आणि जत्रांची नावे घेतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की हा आपल्याच गावात बसून बोलतो आहे. मी अमेरिकेत गाडी चालवताना रेडिओ ऐकत आलो आहे, आणि मला या आपुलकीच्या अभिनयाचे सर्वाधिक वाईट वाटते. नात्यात एकाने दुसऱ्याच्या एकटेपणाचा अंदाज घेऊन जिव्हाळा दाखवावा आणि खरी परिस्थिती मात्र त्याला कळू देऊ नये, तर आपण त्याला प्रेम म्हणत नाही; रात्रपाळीच्या कामगाराला सोबत करणाऱ्या आवाजाला वेगळा न्याय का लावावा?

क्लिअर चॅनलने अनेक शहरांत एकाच वेळी घेतलेल्या स्पर्धा श्रोत्यांना फक्त आपल्याच गावापुरत्या वाटत, अशी तक्रार फ्लोरिडा राज्याच्या अॅटर्नी जनरलपर्यंत (राज्याच्या सर्वोच्च कायदा अधिकाऱ्यापर्यंत) गेली, आणि २००० मध्ये कंपनीने ८० हजार डॉलर देऊन ते प्रकरण मिटवले. एवढ्या मोठ्या कंपनीला ही रक्कम किरकोळच होती.

गाण्यांच्या निवडीतही लपवाछपवी होती. पैसे घेऊन गाणे वाजवायचे आणि श्रोत्यांना ते सांगायचे नाही, या प्रकाराला तिकडे ‘पेओला’ म्हणतात आणि १९६० पासून तो गुन्हा आहे. पळवाट म्हणून रेकॉर्ड कंपन्या मध्यस्थ प्रचारकांना पैसे देत आणि ते प्रचारक स्टेशनांना. न्यूयॉर्कचे अॅटर्नी जनरल एलियट स्पिट्झर यांच्या चौकशीनंतर २००५ मध्ये सोनी बीएमजीने एक कोटी डॉलर देऊन तडजोड केली, आणि इतर मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनाही पुढे तेच करावे लागले. श्रोत्याला वाटे की गाणे लोकप्रिय आहे म्हणून वारंवार लागते. प्रत्यक्षात काही गाणी वारंवार लावली गेल्यामुळे लोकप्रिय होत होती.

त्यानंतर कर्जाचा बोजा आला. २००८ मध्ये बेन कॅपिटल आणि थॉमस एच. ली या गुंतवणूक संस्थांनी क्लिअर चॅनल विकत घेतली, परंतु त्या व्यवहाराचे प्रचंड कर्ज कंपनीच्याच डोक्यावर बसले. २०१४ मध्ये तिचे नाव आयहार्टमीडिया झाले आणि मार्च २०१८ मध्ये सुमारे २० अब्ज डॉलरच्या कर्जासह तिने दिवाळखोरीचे संरक्षण मागितले. व्याज भागवण्यासाठी खर्च कापायचा, म्हणजे निवेदक आणखी कमी करायचे, हा क्रम अटळ होता. इंटरनेटने श्रोते नेले हे खरेच आहे, पण तोपर्यंत अनेक स्टेशनांवर त्यांना थांबवून ठेवील असे कोणी उरले नव्हते.

ज्यांना पूर्वीचा रेडिओ कसा असे हे ऐकायचे असेल त्यांनी सिएटलचे केईएक्सपी किंवा जर्सी सिटीचे डब्ल्यूएफएमयू ऐकावे. दोन्ही स्टेशने श्रोत्यांच्या देणग्यांवर अवलंबून आहेत, तेथे निवेदक स्वतः गाणी निवडतात, आणि भारतातूनही ती इंटरनेटवर ऐकता येतात.