झोपेतली आकडी आणि मनगटावरचे यंत्र

प्रश्न : माझ्या १४ वर्षांच्या मुलाला अपस्मार आहे आणि झटके बहुधा पहाटे झोपेतच येतात. त्याच्या काळजीने मी रात्ररात्र जागी असते. झटका ओळखून घरच्यांना सावध करणाऱ्या मनगटी यंत्राचा उपयोग होईल का?

उत्तर : ताई, उपयोग होऊ शकतो, पण आधी झटक्याचा प्रकार पाहावा लागेल. अंग ताठ होऊन हातपाय जोरजोरात झडतात, तो प्रकार ही यंत्रे बऱ्यापैकी ओळखतात. हालचाल न होता नुसती शुद्ध हरपणारे झटके मात्र त्यांच्या नजरेतून निसटतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये मान्यता दिलेले ‘एम्ब्रेस’ हे मनगटी यंत्र हाताची लयबद्ध हालचाल आणि घामामुळे त्वचेच्या विद्युतवाहकतेत होणारा बदल एकत्र तपासते व जोडलेल्या फोनद्वारे घरच्यांना सावध करते. नेदरलँड्सचे ‘नाइटवॉच’ दंडावर बांधतात आणि ते हालचालीबरोबर नाडीचे ठोकेही मोजते. दात घासतानाही एखादे वेळी खोटी घंटा वाजते, पण तेवढ्यावरून यंत्र बंद करून ठेवू नका. आणि फोन रात्री चार्ज असू द्या.

यंत्र झटका थांबवत नाही, तुम्हाला उठवते. उठल्यावर मुलाला कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. तोंडात चमचा घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. झटका पाच मिनिटांपेक्षा लांबला, तर लगेच १०८ ला फोन करा. यंत्र आले म्हणून गोळीची एकही वेळ चुकवू नका.