युरोपात चार देश रेल्वेनं फिरायचे आहेत. पास घ्यावा की सुटी तिकिटं?

तुमचा बेत मला असा समजला: तुम्ही आणि साठी ओलांडलेले आईबाबा, १४ दिवस, पॅरिस, ल्युसर्न, मिलान, व्हेनिस, व्हिएन्ना. हॉटेलं ठरलेली. एजंट म्हणतो, युरेल पास (एकाच पासावर अनेक देशांच्या रेल्वेत बसायची सोय) घ्या, सगळा ताप मिटतो. शिवाय लंडनही त्यात बसवता येईल का, असं विचारलंय.

या बेताला पास घेऊ नका. कारण सांगायला जरा लांबण लावतो, कारण मी स्वतः पास घेतला होता, आणि त्यात मला फायदाही झाला आणि चुनाही लागला.

मी दारव्हा आगारात एसटीचा वाहक होतो. आता निवृत्त, सहा एकर वावर आहे. मुलगी जर्मनीत लायपझिगला नोकरी करते. २०२४ मध्ये तूर विकून झाली तशी आम्ही नवराबायको तिच्याकडे गेलो, मृग लागायच्या आत परतलो. मधले दहा-बारा दिवस दोघंच रेल्वेनं फिरलो: प्राग, व्हिएन्ना, साल्झबर्ग, म्युनिक, झुरिक आणि परत लायपझिग.

एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास तुम्हाला ठाऊक असेल, चार दिवसांचा किंवा सात दिवसांचा. तो घेऊन माझ्या गाडीत दोन तऱ्हेचे लोक चढत. एक, जो अंधारात निघून रात्री पंढरपूर गाठायचा आणि दुसऱ्या दिवशी कोल्हापूर. त्याचे पैसे दोन दिवसांतच वसूल. दुसरा, जो पास काढून मेव्हण्याकडे तीन दिवस मुक्काम ठोकायचा आणि मग मला विचारायचा, “भाऊ, एखादा दिवस वाढवून भेटते का?” युरेलचं गणित हेच आहे, फक्त ते ३३ देशांत चालतं.

म्हणून देश मोजू नका, गाडीत बसायचे दिवस मोजा. युरेलचा एक प्रकार सलग दिवसांचा असतो. दुसऱ्यात महिनाभरात तुम्हाला हवे ते ४, ५ किंवा ७ दिवस, नाहीतर दोन महिन्यांत १० किंवा १५ दिवस वापरता येतात. प्रवासाचा दिवस म्हणजे रात्री बारा ते रात्री बारा, त्यात कितीही गाड्या बदला. रात्रीची गाडी असेल आणि बारानंतर गाडी बदलायची नसेल, तर निघायचा एकच दिवस मोजला जातो. तुमच्या बेतात असे दिवस जेमतेम चार आहेत. बाकी दिवस शहरात पायी किंवा ट्राममध्ये जाणार, आणि शहरातल्या मेट्रो-ट्रामला हा पास चालत नाही.

आता आमचा हिशेब. दुसऱ्या वर्गाचा सात दिवसांचा पास तेव्हा पावणेचारशे युरोच्या थोडा वर होता. मला साठीनंतरची १० टक्के सूट मिळाली, बायको सत्तावन्नची, तिला नाही. युरोला शंभर रुपये धरले (तोंडी हिशेबाला सोपे) तर दोघांचे सत्तर हजारांच्या वर. बायको म्हणाली, “एवढ्या पैशात तं आपल्या अख्ख्या वावराची पेरणी निंगते, मालूम हाय का?” मालूम होतं. म्हणजे माणशी एका दिवसाला पन्नासहून जास्त युरो. झुरिक ते लायपझिग हा दिवसभराचा पल्ला होता, त्या दिवशी पास पुरेपूर वसूल झाला. पण साल्झबर्ग ते म्युनिक या पावणेदोन तासांसाठीही मी पासातला एक दिवस खर्च केला. नंतर मुलीनं सांगितलं की त्या वाटेला बायर्न तिकीट चालतं. ते पाच जणांपर्यंत एकत्र काढता येतं, बव्हेरिया या जर्मनीतल्या राज्यात साध्या गाड्यांत दिवसभर चालतं, साल्झबर्ग स्टेशनपर्यंतही चालतं. फक्त कामाच्या दिवशी सकाळी नऊच्या आधी चालत नाही. पासाच्या त्या एका दिवसाच्या निम्म्याहून कमी पैशांत आम्ही दोघं पोचलो असतो. सातवा दिवस तर वापरलाच गेला नाही.

फायदा कुठे झाला तेही सांगतो. प्रागला बायकोला रात्री ताप भरला. सकाळची व्हिएन्नाची गाडी सोडली, दिवसभर पडून राहिलो, दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीत जाऊन बसलो. व्हिएन्नाच्या हॉटेलची एक रात्र बुडाली, पण रेल्वेचा एक पैसाही बुडाला नाही. आधी काढलेलं सवलतीचं तिकीट त्या एकाच गाडीला बांधलेलं असतं. गाडी चुकली की ते तिकीट गेलंच. पासात तुम्ही मन बदलायच्या मुभेचे पैसे मोजता. तुमची हॉटेलं ठरलेली, परतीचं विमान ठरलेलं, व्हिसाच्या फायलीत तारीखवार बेत लावलेला. मग ही मुभा विकत घेऊन करणार काय?

दुसरी गोष्ट एजंट सांगत नाहीत. आपल्याकडे लांबच्या गाडीत कन्फर्म तिकीट म्हणजेच जागा, नाहीतर वेटिंग. तिकडे तिकीट वेगळं आणि जागेचं आरक्षण वेगळं. जर्मनी, ऑस्ट्रिया, चेक रिपब्लिक, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत पास दाखवून थेट बसता येतं. सीटच्या वर छोटी पाटी असते, तिच्यावर स्टेशनांची नावं दिसली नाहीत तर ती सीट तुमची. पण फ्रान्सची वेगवान गाडी टीजीव्ही, इटलीच्या वेगवान गाड्या, स्पेनच्या वेगवान गाड्या, लंडनला जाणारी युरोस्टार आणि रात्रीच्या गाड्या यांना पास असला तरी आरक्षणाचे पैसे वेगळे, आणि काही गाड्यांत पासवाल्यांसाठी जागाही मोजक्याच. इटलीत आत-बाहेर जाणाऱ्या लांबच्या गाड्यांनाही ते बहुतेक लागतंच. तुमची वाट नेमकी याच देशांतून जाते. माझी वाट सगळी बिनआरक्षणाची होती, म्हणून मला ते जाणवलं नाही.

तर सुटी तिकिटं काढा, पण लवकर. गाडीप्रमाणे साधारण दोन ते सहा महिने आधी विक्री उघडते, आणि सुरुवातीची तिकिटं सगळ्यात स्वस्त. तुमच्या चारही टप्प्यांची मिळून माणशी दीडशे-पावणेदोनशे युरोत बसू शकतात. चार दिवसांचा पास एकटाच मोठ्या माणसाला पावणेतीनशेच्या वर, आरक्षण वेगळं. आईबाबांना १० टक्के सूट धरली तरी ताळा जुळत नाही. घ्यायच्या दिवशीचे भाव मात्र पाहून घ्या.

पॅरिसहून बाझलपर्यंत टीजीव्ही तीन तासांची, तिथून ल्युसर्न तासाभरावर. ल्युसर्न ते मिलान ही वाट मला तुमच्या बेतात सगळ्यात आवडली. थेट गाडी गॉटहार्डच्या नव्या बोगद्यातून जाते, ५७ किलोमीटर, २०१६ मध्ये सुरू झालेला, जगातला सगळ्यात लांब रेल्वे बोगदा. आत काय, वीस मिनिटं अंधार. त्यापेक्षा वेळ असेल तर डोंगरावरच्या जुन्या मार्गानं बेलिन्झोनाला जा आणि तिथून मिलानची गाडी पकडा. वासेन गावाजवळ रूळ डोंगराच्या पोटात वळसे घेत चढतात, त्यामुळे एकच चर्च तीनदा दिसतं, तीन वेगवेगळ्या उंचीवरून. आपल्या अकोला-खंडवा मीटरगेजवर धूळघाटला रूळ स्वतःवरूनच वळून जायचे, ते ज्यांनी मेळघाटातून जाताना खिडकीतून डोकं काढून पाहिलंय, त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. मी दोन्ही पाहिलेत. जुना मार्ग म्हणून मुलीच्या हट्टानं झुरिकहून मुद्दाम एक फेरी मारली, तिकीट तिनंच काढलं.

स्वित्झर्लंडात तीन दिवस असाल तर तिथला वेगळा स्विस ट्रॅव्हल पास बघा. तो ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा येतो. रेल्वे, बस, सरोवरातल्या बोटी, शहरातल्या ट्राम, पाचशेच्या आसपास संग्रहालयं, सगळं त्यात येतं. ल्युसर्नजवळच्या रिगी डोंगराची गाडीही पूर्ण येते. युंगफ्राउयोख या उंच बर्फाळ डोंगरावरच्या स्टेशनाला मात्र शेवटच्या टप्प्याला फक्त २५ टक्के सूट. तुम्ही रोज बोट, डोंगर असं करणार असाल तर घ्या. नुसतं ल्युसर्नच्या पुलावर फोटो काढायचे असतील तर नको.

लंडनचं: युरेल ब्रिटनमध्ये चालतो, पण तुमच्या चार देशांना मिळून लागणारा शेंगेन व्हिसा तिथे चालत नाही. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, त्याचे पैसे आणि वेळ वेगळा. चौदा दिवसांत आईबाबांना घेऊन नका ओढाताण करू. शेंगेन अर्ज ज्या देशात सगळ्यात जास्त रात्री आहेत त्या देशाकडे करायचा असतो. तुमच्या यादीत तो बहुधा इटली असेल, रात्री मोजून घ्या.

एवढं सांगूनही पास घेतलातच तर नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच टाका, तपासनीस पासपोर्ट मागू शकतो. मोबाईलवरचा पास आधी सक्रिय करावा लागतो आणि गाडीत चढायच्या आधी ती गाडी ॲपमध्ये नोंदवावी लागते. बसल्यावर नोंदवतो म्हणाल तर तो विनातिकीट प्रवास धरतात. मी तीस वर्षं दुसऱ्या बाजूनं हेच केलंय, त्यामुळे मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आणि माझ्या मुलीसारखं कोणी तिकडेच राहत असेल तर त्याला युरेल मिळत नाही. युरोपात राहणाऱ्यांचा इंटररेल नावाचा पास असतो, आणि राहत्या देशात तो एकदा बाहेर जायला आणि एकदा परत यायला एवढाच चालतो.

सामान कमी न्या. हमाल नाहीत, आणि गाडी बदलायला कधी कधी सातच मिनिटं असतात. खायला धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी न्या, पण तूप, पेढे घरीच ठेवा. बाहेरून येणाऱ्याला दुधाचे पदार्थ आत नेऊ देत नाहीत.

आणि व्हेनिसहून रात्रीची गाडी घेतलीत तर डब्याच्या दाराजवळची पाटी वाचा. तिकडे एका गाडीचे काही डबे एकीकडे, काही दुसरीकडे जातात, जुन्या लिंकच्या डब्यांसारखे. आम्ही जर्मनीत एकदा मागच्या डब्यात आरामात बसलो, अर्ध्या वाटेत गाडी तुटली आणि आमचा तुकडा भलत्याच गावाला गेला. परतीच्या गाडीची पाऊण तास वाट पाहत फलाटावर बसलो होतो. बायको म्हणाली, “काहो, तीस वर्स एसटीच्या पाट्या लावल्या ना तुमी, अन् एक पाटी वाचता नाही आली?”